पावसाळ्यातले भरतकाम : काय भरावे, कशावर भरावे आणि ओलीपासून कसे जपावे?

कातळसडा (गुहागर तालुका), ९ जून

नमस्कार. मी गुहागर तालुक्यातील एका गावात राहतो आणि शाळेत लेखनिक म्हणून काम करतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पाय मोडल्यामुळे सहा आठवडे पडवीत बसून काढावे लागले. त्या काळात पत्नीच्या शिवणाच्या डब्यातील सुई हातात आली, ती अजून सुटलेली नाही. पुरुषमाणूस भरतकाम करतो म्हणून वाडीत आरंभी थोडे हसू झाले. परंतु आता लेझी डेझी टाक्याची पाकळी आखडते त्यावर उपाय काय, असे विचारायला शेजारच्या काकू माझ्याकडेच येतात, त्यामुळे तो विषय मिटला आहे.

धावदोरा, उलटी टीप, साखळी टाका, देठाचा टाका, लेझी डेझी आणि गाठीचा टाका एवढे हाताला बसले आहेत. सॅटिन टाका अजून कडेला दातेरी येतो. दोन उशांचे अभ्रे आणि एक टेबलक्लॉथ पूर्ण केला. त्यानंतर छापील नक्षीचे तीन तयार संच मागवले, त्यांपैकी एकच तडीस गेला. उरलेल्या दोहोंवर विलायती घर, त्याच्या दाराशी गुलाबाचा वेल आणि अंगणात बदके आहेत. ते भरताना आपण दुसऱ्याच्या घराला रंग देत बसलो आहोत असे वाटू लागते आणि सुई थांबते. इथे राहणाऱ्या माणसाला जवळचे वाटेल असे काय भरता येईल, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न ओलीचा आहे. माझा हा सुईसह पहिलाच पावसाळा. मृगाच्या सरी सुरू होऊन जेमतेम दोन दिवस झाले आहेत, तरी कापड ताणून धरणारी लाकडी रिंग फुगून स्क्रू फिरेनासा झाला आहे. मे अखेरीस कामाच्या गडबडीत टेबलक्लॉथमध्ये टोचून ठेवलेली सुई दहा दिवसांनी काढली, तर तिच्याभोवती तांबूस डाग पडला होता. आणखी एक चमत्कार सांगतो : जांभळ्या पेनाने रात्री काढलेली नक्षी सकाळी उठून पाहिली तर कापड कोरे होते. पेन सदोष आहे की माझी स्मृती, हे ठरवता आले नाही.

तिसरे म्हणजे, पुढचे टाके शिकण्यासाठी विश्वासार्ह साधने कोणती? चलच्चित्रे पुष्कळ दिसतात, परंतु त्यांत हात इतक्या वेगाने फिरतात की सुई नेमकी कोठून वर आली तेच कळत नाही. कोणी अनुभवी सभासद सविस्तर लिहितील तर आभारी राहीन.

---

आगरातली (दापोली तालुका), ९ जून

कातळसडा यांस नमस्कार. मी तीस वर्षे मुलींना शिवण शिकवले आणि आता निवृत्तीनंतर नारळी-पोफळीच्या सावलीत बसून केवळ स्वतःच्या समाधानासाठी भरते. तुमचा दुसरा प्रश्न मी आधी घेते, कारण कोकणात भरतकाम करणाऱ्याने टाक्यांच्या आधी ओल समजून घ्यावी लागते.

पेन सदोष नाही आणि स्मृतीही नाही. जांभळ्या शाईची ती पेने हवेने उडणारी असतात आणि हवेत दमटपणा जितका जास्त, तितकी ती शाई लवकर उडते. उन्हाळ्यात जी रेघ दोन दिवस टिकते, ती पावसाळ्यात काही तासांत जाते. एका बैठकीत संपेल अशा लहान नक्षीपुरतेच ते पेन वापरावे. मोठ्या कामासाठी पाण्याने जाणारे निळे पेन घ्यावे, मात्र रेघा धुऊन जाण्यापूर्वी त्यावर इस्त्री फिरवू नये, कारण उष्णतेने ती शाई कापडात कायमची बसण्याची भीती असते. उष्णतेने नाहीशी होणारी पेने हल्ली पुष्कळ जण वापरतात. त्यांची रेघ इस्त्रीने दिसेनाशी होते, परंतु कडक थंडीत पुन्हा उमटू शकते. आपल्याकडे तशी थंडी पडत नाही, पण थंड प्रदेशातील नातेवाइकाला रुमाल पाठवायचा असेल तर हे ध्यानात ठेवलेले बरे. मी स्वतः अजूनही पिवळा कार्बन आणि रिकामी रिफील वापरते. त्याला ऋतूचे बंधन नाही.

गंजाच्या डागावर क्लोरीनचे ब्लीच कदापि घालू नका. त्याने डाग जाण्याऐवजी पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून उन्हात ठेवणे हा सर्वांना ठाऊक असलेला उपाय आहे. परंतु आता ऊन कोठून आणणार? तुमच्या परसात बिंबलीचे झाड असेल तर चार फळे ठेचून त्यांचा रस डागावर लावावा, थोडा वेळ ठेवावा आणि भरपूर पाण्याने धुवावे. पितळेची भांडी ज्या आंबटपणाने लखलखतात, तोच इथे कामाला येतो. त्यापूर्वी ज्या रंगाचा दोरा डागाजवळ आहे, त्याच रंगाच्या एका तुकड्यावर रस लावून पाहावा. कापडाचा डाग गेला आणि पाकळीचा रंगही गेला, असे व्हायला नको.

सुया कधीही कापडात टोचून ठेवू नयेत, मग काम पाच मिनिटांचे राहिलेले असो वा पाच दिवसांचे. माझ्या आजीची टाचणगादी केसांनी भरलेली होती. लहानपणी मला त्याची किळस येत असे, परंतु केसांना अंगचे तेल असल्यामुळे तिच्यातील सुया गंजत नसत. तुम्हाला केस नको असतील तर न धुतलेली लोकर भरावी, तीही तेच काम करते. रिंगचे म्हणाल तर लाकडी रिंग ओलीने फुगणारच; आतल्या कड्याला जुन्या धोतराची बोटभर रुंदीची पट्टी घट्ट गुंडाळून शिवून घ्या, म्हणजे स्क्रू फार न आवळताही कापड ताणलेले राहते. काम थांबवताना दर वेळी कापड रिंगमधून काढावे, नाहीतर आठवड्याने गोल डागही मिळतो आणि तो डाग कुठल्याच फळाने जात नाही.

पूर्ण झालेले काम खळ घालून ठेवू नये. खळीवर बुरशी लवकर धरते आणि कसरही लागते. प्लास्टिकच्या पिशवीत घालून बंद करू नये, आतल्या आत घाम सुटतो. वर्तमानपत्रात किंवा थेट लाकडी फळीवर ठेवल्यास पांढरे कापड पिवळे पडते. धुतलेल्या जुन्या मलमलीत सैल गुंडाळून ठेवावे, घडी न घालता नळीवर गुंडाळले तर अधिक चांगले, आणि श्रावणात जेव्हा केव्हा उघडीप मिळेल तेव्हा एकदा सावलीत उलगडून वारा द्यावा.

तुमचा सॅटिन टाका दातेरी येण्याचे कारण बहुधा दोऱ्यात आहे. अँकर कंपनीचा दोरा असो वा डीएमसीचा, एक लडी साधारण ८ मीटरची आणि सहा पदरी असते. तुम्ही सहाही पदर एकदम भरत असाल तर कडा सरळ येणे कठीण आहे. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे एक हात लांबीचा दोरा कापावा, त्यातून एकेक पदर वेगळा ओढून काढावा आणि मग दोन पदर पुन्हा शेजारी ठेवून ओवावेत. असे सुटे करून जोडलेले पदर पिळाशिवाय सपाट बसतात. सुई ९ नंबरची घ्यावी. भरतकामाच्या सुईचा नंबर जितका मोठा तितकी ती बारीक असते, हे दुकानदारही कधी कधी उलटे सांगतो. नक्षीची कड आधी उलट्या टीपेने आखून घ्यावी आणि सॅटिनचा टाका त्या टीपेच्या बाहेरून घालावा, म्हणजे कडेला आधार मिळतो. हे एकदा करून पाहा. पहिल्याच पानाला फरक दिसेल.

---

वाडीकर (सावंतवाडी), १० जून

आगरातली यांनी ओलीविषयी लिहिल्यानंतर मी त्यात भर घालण्याजोगे काही नाही. मी पहिल्या प्रश्नाकडे वळतो, कारण तो मला फार मोलाचा वाटला.

इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरात सावंतवाडी संस्थानातील कारागिरीची जी नोंद आहे, तिच्यात चामड्यावर व कापडावर केलेल्या सोन्याचांदीच्या जरीच्या भरतकामाचा उल्लेख आहे. त्याच्याच जोडीला वाळ्याचे पंखे, करंड्या आणि पेट्या, आणि त्यांवर जर व किड्यांचे हिरवे झळाळणारे पंख लावून केलेली सजावट नोंदलेली आहे. लाखेच्या रंगाची खेळणी, खेळायच्या गंजिफा आणि गव्याच्या शिंगापासून घडवलेल्या वस्तू हेही त्याच यादीत येते. यांपैकी खेळणी आणि गंजिफा आज आपल्यासमोर आहेत. चितार आळीत फिरताना लाकडी फळे आजही टोपलीत मांडलेली दिसतात. जरीचे भरतकाम मात्र आमच्या पिढीने पाहिले नाही. किड्यांचे पंख लावावेत असे मी म्हणत नाही, परंतु वाळ्याच्या पंख्याला कापडी किनार लावून तिच्यावर साखळी टाक्याची वेल भरणे हे एक सुंदर काम आहे, आणि उन्हाळ्यात तो पंखा भिजवून वारा घेताना त्याचा उपयोगही होतो. किनारीचा दोरा मात्र पक्क्या रंगाचा हवा, कारण ती सतत ओली होणार.

माझी खरी सूचना गंजिफांची आहे. गंजिफाची पाने गोल असतात आणि तुमची रिंगही गोल असते. मला तर हे दोघे एकमेकांची वाट पाहत असावेत असे वाटते. दशावतारी गंजिफांचा संच १२० पानांचा असतो : दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात बारा पाने. त्यांत एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दहापर्यंतची पाने असतात. राजाच्या पानावर अवताराचे पूर्ण चित्र असते. ते भरणे नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचे आहे आणि तुम्ही त्याच्या वाटेला लगेच जाऊ नये. परंतु साधी पाने फार सोपी असतात. मत्स्याच्या रंगात पानाच्या किमतीइतके मासे, कूर्माच्या रंगात तितकी कासवे, परशुरामाच्या रंगात तितके परशू. म्हणजे मत्स्याचा एक्का हा एका माशाचा अभ्यास झाला, दुर्रीत तोच मासा दोनदा, तिर्रीत तीनदा, आणि सत्तीपर्यंत पोहोचेस्तोवर तुमचा हात माशाच्या खवल्यांवर इतका बसेल की आगरातली यांना सॅटिन टाक्याविषयी पुन्हा विचारावे लागणार नाही. एकच आकृती पुन्हा पुन्हा भरण्याचा कंटाळा येत नाही, कारण दर पानावर मांडणी बदलते : पाच मासे वर्तुळात कसे बसवावेत, हा चितारी लोकांनी सोडवलेला प्रश्न आहे आणि त्यांचे उत्तर पाहून आपण उसने घेऊ शकतो.

जमिनीचा रंग गडद लाल, काळा किंवा पिवळा घ्यावा, कडेला साखळी टाक्याचे दोन फेर असावेत. चार इंची रिंगमध्ये एक पान पाच-सहा संध्याकाळींत होते, असा माझ्या मुलीचा अनुभव आहे. तिने आतापर्यंत अकरा पाने भरली आणि बारावे, म्हणजे राजा, गेली दोन वर्षे कपाटात आहे. त्यामुळे अपूर्ण संचांविषयी तुम्ही फार खंत करू नये.

---

उलटसुलट (मालवण), १० जून

वरील चर्चा उत्तम आहे, परंतु मूळ गोष्ट कोणी बोलत नाही. कामाची मागची बाजू कशी असावी? आमच्या मावशीच्या मते मागची बाजू पाहूनच भरणाऱ्याची पारख होते, आणि ज्याच्या मागे गाठी दिसतात त्याने पुढे कितीही मोर नाचवले तरी ते काम कच्चे. मी तिच्या धाकाने दीड वर्ष एक रुमाल उसवत आणि भरत होतो. छंद म्हणून भरणाऱ्यावर ही सक्ती असावी काय?

---

आगरातली, १० जून

उलटसुलट, तुमच्या मावशी चुकीच्या नाहीत, परंतु त्या एकाच प्रकारच्या कामाविषयी बोलत असाव्यात. मागची बाजू म्हणजे काय, हे त्या त्या कामावर अवलंबून असते.

धारवाडकडील कसुतीत गाठ मारतच नाहीत. तिचे चार टाके आहेत : गवंती, मुरगी, नेगी आणि मेंथी. गवंती म्हणजे कापडाचे धागे मोजत धावदोरा घालत जायचे आणि त्याच वाटेने परत येताना मधल्या रिकाम्या जागा भरायच्या. त्यामुळे रेघ दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. गोपुर, रथ, पालखी, हत्ती, तुळशीवृंदावन या तिच्यातल्या आकृती. तिथे मागची बाजू नीट असणे हा शिस्तीचा भाग नसून टाक्याचाच भाग आहे. पंजाबच्या फुलकारीत तर कारागीर कापडाच्या उलट्या बाजूनेच टाका घालते आणि नक्षी सुलट बाजूला उमटते. लखनौच्या चिकनकामात पातळ मलमलीच्या मागून हेरिंगबोन (तिरपे दोरे एकमेकांना छेदत जाणारा टाका) घातला की पुढे रंगाची सावली दिसते. तिथे सगळी मेहनत मागेच असते आणि पुढे दिसतो तो तिचा भास. इतक्या परींच्या कामांना एकच नियम लावता येत नाही.

पोशाख, रुमाल, कुंची, दुपटे यांची मागची बाजू अंगाला लागते, म्हणून तिथे गाठी नकोत. तान्ह्या मुलाच्या कुंचीत तर मुळीच नकोत. दोरा सुरू करताना बोटभर शेपूट मागे सोडून पुढच्या टाक्यांत ते दाबून घ्यावे आणि संपताना मागच्या चार-पाच टाक्यांखालून सुई नेऊन कापावे. भिंतीवर टांगायची चौकट असेल तर मागची बाजू भिंत पाहणार आहे. तिथे एवढेच पाहावे की गडद रंगाचा दोरा मागून लांब उडी मारून पांढऱ्या कापडातून पुढे दिसत नाही ना. दीड वर्ष रुमाल उसवणे ही मात्र कापडावर अन्याय करणारी गोष्ट आहे. तिसऱ्यांदा उसवलेल्या मलमलीत सुईची भोके कायमची राहतात. मावशींना माझा नमस्कार सांगावा.

---

मुक्काम गिरगाव (मूळ गाव राजापूर तालुका), ११ जून

कातळसडा हे नाव वाचून राहवले नाही. आपल्या नावातच नक्षी असताना ती बाहेर का शोधता?

रत्नागिरी जिल्ह्यातील जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे कातळी पठारांवर, कोरलेली कातळशिल्पे ही भरतकामासाठी मला माहीत असलेली सर्वांत योग्य आकृती आहे, कारण ती मुळात रेघांची आहेत. त्यांत छटा नाहीत, सावल्या नाहीत. कोणी तरी कातळात रेघ कोरत गेला आणि त्यातून मासा, मोर, गवा, माणूस उभा राहिला. आमच्या तालुक्यातील कशेळीच्या सड्यावर एक प्रचंड हत्ती आहे आणि त्याच्या रेषेच्या आत इतर कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, उक्षी, जांभरुण, रुंढे तळी, तसेच सिंधुदुर्गातील कुडोपी ही ठिकाणे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारशाच्या यादीत गोव्यातील फणसायमळसह समाविष्ट झाली. तिथे जाऊन, शिल्पावर पाय न देता, छायाचित्र काढावे, ट्रेसिंग कागदावर मुख्य रेघा उतरवाव्यात आणि जांभ्याच्या रंगाच्या जाड सुती कापडावर त्या भराव्यात. मी उलटी टीप करून पाहिली, ती फार नेटकी आणि म्हणूनच निर्जीव दिसली. मग जाड सुताचा दोरा रेघेवर ठेवून बारीक टाक्यांनी त्याला बांधत गेलो, ज्याला कौचिंग म्हणतात; त्यात रेघ किंचित थरथरते आणि ती थरथर कातळावरच्या रेघेच्या जवळ जाते. कापड तांबडे आणि दोरा त्याहून एकच छटा फिका ठेवावा. पांढरा दोरा वापरल्यास पाटीवर खडूने काढल्यासारखे दिसते.

साधनांविषयी. लंडन येथे १८७२ साली स्थापन झालेल्या रॉयल स्कूल ऑफ नीडलवर्क या संस्थेने २०२१ पासून स्टिच बँक नावाचा टाक्यांचा संग्रह संकेतस्थळावर विनामूल्य ठेवला आहे. प्रत्येक टाक्याच्या पायऱ्या रेखाचित्रांतून, छायाचित्रांतून आणि चलच्चित्रातून दिल्या आहेत. तुमची वेगाची तक्रार तिथे राहणार नाही, कारण रेखाचित्रात सुई कोठून वर आली आणि कोठे खाली गेली हे स्थिर दिसते. भाषा इंग्रजी आहे, पण चित्रांवरून काम भागते. अँटिक पॅटर्न लायब्ररी या संकेतस्थळावर जुन्या नक्षी-पुस्तकांच्या प्रती मोफत उतरवून घेता येतात. फुली टाक्याचे तक्ते तिथे विपुल आहेत. डीएमसीच्या संकेतस्थळावरही मोफत नक्ष्या असतात, मात्र त्या पुष्कळशा तुमच्या त्या विलायती घराच्या शेजारच्याच वाटतील. मराठीत वाचायचे असेल तर मराठी विश्वकोशातील भरतकामाची नोंद पाहावी, ती संकेतस्थळावर उपलब्ध आहे. प्रत्यक्ष शिकायचेच असेल तर काही शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत कशिद्याचा अभ्यासक्रम असतो. आपल्या जवळच्या संस्थेत चौकशी करावी.

मुंबईस येणे झाले तर कापडासाठी मंगलदास मार्केट गाठावे. मात्र मांजरपाट, केसमेंट, मॅटी हे शब्द पाठ करूनच जावे, नाहीतर दुकानदार आपल्याला साडीचे अस्तर देऊन मोकळा होतो. कापड कोणतेही असो, भरण्यापूर्वी ते पाण्यात घालून वाळवून घ्यावे. मांजरपाट फार आटतो, आणि भरल्यानंतर आटला तर फुले गोळा होतात. मी एकदा टपालाने स्वस्त दोरा मागवला होता. नक्षी पूर्ण झाली, कापड धुतले आणि लाल रंग सगळ्या पांढऱ्या जमिनीवर पसरला. तेव्हापासून लाल, काळा आणि गडद निळा दोरा आधी भिजवून पांढऱ्या चिंधीत दाबून पाहिल्याशिवाय मी सुईत ओवत नाही. रंग सुटलाच तर एक गोष्ट लक्षात ठेवावी : कापड वाळू देऊ नये. ओले असतानाच थंड पाण्यात पुन्हा पुन्हा खंगाळत राहिले तर बराचसा रंग निघून जातो. एकदा वाळले की तो तिथेच राहतो.

एक विषयांतर, पण पुन्हा पुन्हा होणाऱ्या गोंधळामुळे लिहितो. पैठणीवरचा मोर हा भरलेला नसतो, तो मागावर विणलेला असतो. आमच्या नातेवाइकांनी मला 'पैठणी भरून दे' असे तीनदा सांगितले आहे.

---

कातळसडा, १२ जून

आपण सर्वांनी एवढे लिहाल अशी अपेक्षा नव्हती. आगरातली, दोन पदरांचा दोरा आणि कडेची टीप करून एक पान भरले आणि ते पत्नीला दाखवले. तिने 'हे तुम्ही भरले?' असे विचारले, त्यातील 'तुम्ही'वरचा जोर मी प्रशंसा म्हणून घेतला आहे. बिंबली शेजाऱ्यांकडे मिळाली. डाग पुष्कळ फिका झाला आहे, पूर्ण गेलेला नाही.

वाडीकर आणि मुक्काम गिरगाव, तुमच्या सूचनांमुळे मी पेचात पडलो आहे. मासा दोन्हीकडे आहे! गंजिफातला मासा खवल्यांचा आणि रंगांचा, तर कातळावरचा एका रेघेचा. शिवाय गणपती-गौरी आता फार लांब नाहीत. आमच्या घरी यंदा भाचीचा पहिला ओवसा (नव्या सुनेने गौरीपुढे सुपातून वाण देण्याचा विधी) आहे आणि तिच्या सुपावर घालायला एक रुमाल भरावा असे मनात आहे. तेवढ्या अवधीत काय होण्यासारखे आहे?

---

आगरातली, १२ जून

पहिला ओवसा असेल तर बाकी सर्व बाजूला ठेवावे आणि रुमाल हाती घ्यावा. सुपाचा आकार आधी मोजावा. कोकणातली सुपे एका मापाची नसतात, आणि रुमाल कडेवरून चार बोटे खाली लोंबला पाहिजे. पांढरे कॅम्ब्रिक घेऊ नका, त्यावर हळदीकुंकवाचा डाग हमखास पडणार. हळदीच्याच रंगाचे किंवा गर्द हिरवे पॉपलिन घ्या. मध्यभाग मोकळा ठेवावा, कारण तो सुपातील वाणावर उंचसखल बसतो आणि तिथली नक्षी दिसत नाही. सगळी मेहनत चार कोपऱ्यांवर आणि कडेवर करावी. गौरीच्या रुमालावर मासा मी घालणार नाही. त्या सणाला आपल्याकडे काही घरांत तिखटाचा, म्हणजे सामिष, नैवेद्य असतो आणि काहींत चालत नाही. तुमच्या भाचीच्या सासरी काय रीत आहे ते विचारल्याशिवाय सुपावर मासा नेणे धोक्याचे! कोपऱ्यांत तेरड्याची फुले भरावीत. गौरीला तेरडा लागतोच, तो तुमच्या कुंपणाला त्या सुमारास फुललेला असेल, आणि त्याची पाकळी लेझी डेझीने व दोन छटांच्या गुलाबी दोऱ्याने सहज साधते. पाने लांबट आणि कडेला दातेरी असतात, तेव्हा तुमच्या जुन्या दातेरी सॅटिन टाक्यालाही तिथे स्थान आहे.

रोज अर्धा तास दिलात तर एक कोपरा आठवड्यात होतो. दिवसा उजेड असतानाच भरावे. पावसाळी संध्याकाळी वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि कंदिलाच्या प्रकाशात गुलाबीच्या दोन छटा एकच दिसतात. मी असे एक अख्खे फूल उलट्या छटांत भरले आहे.

---

वाडीकर, १३ जून

तेरडा मान्य. मत्स्याचा एक्का गौरीविसर्जनानंतर घ्यावा. मुलीने पानाच्या मूळ आकाराचे ट्रेसिंग काढून ठेवले आहे, त्याचे छायाचित्र आज रात्री येथे जोडतो. कडेच्या दोन फेरांतील अंतर मात्र तिने अंदाजाने घेतले आहे, ते रिंगच्या मापाप्रमाणे बदलून घ्यावे.

---

उलटसुलट, १३ जून

मावशींना नमस्कार पोहोचवला. चिकनकामाचा मजकूर वाचून दाखवल्यावर त्यांनी माझा रुमाल मागून घेतला, मागून पुढून पाहिला आणि 'हा मलमलीचा आहे, सावलीचे काम ह्यावर चांगले उठेल, पुन्हा उसव' असे सांगितले. हेरिंगबोनसाठी पोपटी रंगाचे किती पदर घ्यावेत?

---

आगरातली, १३ जून

एकच पदर. आणि त्यांना सांगा की उसवू नये, नवा रुमाल घ्यावा.